अपॉइंटमेंट नसलेल्या सलूनमध्ये ग्राहकांच्या नोंदी

"मागच्या वेळी केलं होतं तसंच करा." अपॉइंटमेंटशिवाय चालणाऱ्या सलूनमध्ये हे वाक्य रोज कानावर पडतं आणि नोंद नसेल तर आपण निरुत्तर होतो. कोणी केलं होतं, कधी, कुठली शेड, कुठल्या कंपनीची, यातलं ग्राहकाला क्वचितच आठवतं. त्यांनी का आठवावं? ते आपलं काम आहे. आमच्याकडे जी खुर्ची रिकामी तिथे माणूस बसतो, त्यामुळे आज माझ्याकडे आलेल्या ताईंचा कलर मागच्या खेपेला दुसऱ्याच कोणीतरी केलेला असतो, आणि नेमकी तिची आज सुट्टी असते.

नोंदी ठेवायच्या ठरल्यावर आधी बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवली. त्यात ग्राहकाची माहिती लिहायला जागा होती, पण ती अपॉइंटमेंटला जोडलेली. अपॉइंटमेंटच नाही तर पान उघडायचं कुठून? 'वॉक-इन' नावाचं एक बटण होतं. गर्दीत काउंटरवरची मुलगी तेच दाबणार, आणि तिचं बरोबरच होतं. समोर चार माणसं पैसे द्यायला उभी असताना नाव-नंबर विचारत कोण बसेल? महिन्याचा अहवाल काढला की 'वॉक-इन' नावाच्या एकाच ग्राहकाच्या खात्यात सगळ्यांचे हेअरकट, कलर, वॅक्सिंग जमा.

शिवाय काउंटर ही जागाच चुकीची. बिलावर 'रूट टच-अप' आणि रक्कम येते, बाउलमध्ये काय कालवलं ते येत नाही. ते फक्त कालवणारीला माहीत असतं, आणि तिच्या हातात त्या वेळी रंगाचे ग्लोव्हज असतात. म्हणून नोंद कलरच्या ट्रॉलीवर आणली. जाड कागदाची कार्डं आणि शिसपेन्सिल, कारण डेव्हलपरचा, म्हणजे रंगात कालवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा, थेंब पडला तर पेनची शाई पसरते. कालवणारी मोठ्याने सांगते, शेजारची लिहून घेते. रंग केसांवर मुरत असतो तेवढ्या वेळात बाकीचं भरायचं आणि केस धुतल्यावर निकालाची एक ओळ. गर्दीच्या दिवशीही कलरला तो अर्धा तास द्यावाच लागतो, त्यामुळे लिहायला वेळ नव्हता ही सबब उरली नाही.

एक कार्ड साधारण असं दिसतं: "कंपनी, मुळांना ५.० वीस ग्रॅम + ६.३ वीस ग्रॅम, डेव्हलपर ६% साठ मिली, ३५ मिनिटं. पांढरे निम्म्याहून जास्त, कपाळाच्या कडेला चिवट, तिथे आधी लावणे. टोकं कोरडी, टोकांना लावू नये. निकाल: छान, पण ताईंना पुढच्या वेळी थोडा कमी सोनेरी हवा." शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. फॉर्म्युल्यावरून तोच रंग पुन्हा होतो. निकालाची ओळ असली तर रंग सुधारतो. कंपनीचं नाव लिहायलाच हवं. बिंदूच्या आधीचा आकडा केस किती गडद ते सांगतो, नंतरचा रंगाची छटा, पण छटांचे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. नुसतं '६.३' लिहून दुसरा ब्रँड उघडला की घोळ झालाच. डेव्हलपरची तीव्रताही टक्क्यांतच लिहायची असं ठरवलं. २० व्हॉल्यूम म्हणजे ६%, ३० म्हणजे ९%; एक जण टक्के लिहिते आणि दुसरी व्हॉल्यूम, तर घाईत गोंधळ होतो.

पुरुषांचे केस कापणाऱ्यांची कार्डं एका ओळीची असतात: बाजूला २ नंबर, मागे १, वर कात्री, भोवरा उजवीकडे. हे नंबर मशीनला लावायच्या कंगव्याचे: १ नंबर म्हणजे ३ मिमी आणि २ म्हणजे ६ मिमी, म्हणजे एका आकड्याच्या फरकाने केस दुप्पट राहतात. भोवऱ्याची नोंद आमच्या एका दादांनी सुरू केली. तिथे कात्री जास्त चालली तर केस उभे राहतात, आणि नव्या माणसाला ते कापून झाल्यावरच कळतं.

आता कार्ड सापडायचं कसं? नावावरून नाही जमत, एकाच नावाची बरीच माणसं येतात. मोबाईलचे शेवटचे चार आकडे आणि हाक मारायचं नाव, असं लावलं. केप बांधताना चार आकडे विचारले की कार्ड हातात. आई आणि मुलगी एकच नंबर देतात म्हणून नाव लागतंच. काहींना नंबर द्यायचा नसतो. त्यांच्याकडे आग्रह धरायचा नाही. त्यांचं कार्ड त्यांच्याच हाती द्यायचं, पर्समध्ये ठेवा म्हणून. ही माणसं ते जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी स्वतःहून पुढे करतात.

सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो पॅच टेस्टचा. ॲलर्जी येते का ते कळावं म्हणून रंग लावायच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा थेंब लावून बघायचा असतो, आणि आमचं गिऱ्हाईक तर आत्ता आलं, आत्ता रंग हवा. कार्डामुळे वाट सापडली. कोणी केस कापायला किंवा थ्रेडिंगला आलं आणि रंगाबद्दल विचारलं, की त्याच दिवशी थेंब लावून तारीख लिहितो आणि दोन दिवसांनी या म्हणतो. जुन्या टेस्टवर कायमची भिस्त ठेवत नाही. बऱ्याच रंगांत असणाऱ्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षं रंग लावणाऱ्यालाही अचानक सुरू होऊ शकते. ब्रँड बदलला किंवा मध्ये बराच काळ गेला तर पुन्हा टेस्ट. 'काळी मेंदी हातावर काढून कधी खाज किंवा फोड आले होते का?' हा प्रश्न कार्डावर छापूनच घेतला. त्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा पीपीडीच असतं, आणि उत्तर 'हो' असेल तर तसला रंग आम्ही लावतच नाही, कितीही गळ घातली तरी.

वॅक्सिंगच्या नोंदीचं उलटं असतं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्वचा नाजूक होते आणि वॅक्ससोबत सोलली जाते. गोळ्या थांबल्यावरही काही महिने थांबावं लागतं. रेटिनॉलच्या क्रीमचंही पाहावं लागतं. पण मागच्या वेळी 'गोळ्या नाहीत' लिहिलं म्हणून आजही नाहीत असं कसं धरायचं? म्हणून हे उत्तर कार्डावर पुढे न्यायचं नाही, दर खेपेला विचारून नवी तारीख टाकायची.

केसांवरच्या केमिकलचं मात्र जुनं कार्डही बोलतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे दीड वर्षापूर्वीचं स्ट्रेटनिंग खांद्याच्या खाली केस असणाऱ्यांच्या टोकांत अजून बसलेलं असतं. नुसतं 'स्ट्रेटनिंग' लिहून भागत नाही, क्रीम कुठल्या प्रकारचं तेही हवं: हायड्रॉक्साइड लावलेल्या केसांवर थायोग्लायकोलेट चढवलं की केस तुटून हातात येतात. म्हणून लांब केसांची कार्डं आम्ही सहसा टाकत नाही. केवळ कट करणारे बराच काळ आले नाहीत तर त्यांचं कार्ड फाडून टाकतो, नंबर उगाच कशाला बाळगायचा?

चाई, कोंडा, गरोदरपण असलं काही कार्डावर लिहिताना विचारूनच लिहितो आणि मोठ्याने वाचत नाही. माणसाच्या स्वभावाविषयी एक शब्दही लिहायचा नाही. ग्राहकाने मागितलं तर कार्ड उलटून त्यांच्या हातात देता आलं पाहिजे. फोटो काढायचा तर आधी परवानगी, आणि तो कोणाच्या खासगी मोबाईलमध्ये राहता कामा नये.

आमच्या सगळ्यात जुन्या ताईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. त्यांचे फॉर्म्युले त्यांच्या स्वतःच्या डायरीत, वर्षांच्या अनुभवाने जमवलेले. ते सगळ्यांसमोर मांडायचे म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या हाती देणं, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. कार्डावर 'फॉर्म्युला कोणाचा' असा रकाना घातला आणि तो रंग पुन्हा कोणीही लावला तरी नाव त्यांचंच राहील असं ठरवलं. आता नव्या मुली रंग कालवण्याआधी कार्ड घेऊन त्यांच्याकडे जातात.

अजून अडतं ते ग्रुपने येणाऱ्यांपाशी. लग्नाच्या आदल्या दिवशी आठ-दहा जणी एकदम येतात, नंबर एकीचाच, आणि कार्डं एकमेकींत मिसळतात. सध्या प्रत्येकीच्या केपला क्लिपने तिचं कार्ड अडकवून बघतोय. केस धुवायला उठल्या की ते भिजतं, म्हणून प्लास्टिकच्या पाकिटाची सोय करायची आहे.