रिकाम्या जागी दोनदा

डेस्कटॉप सजवायची सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीची बातमी मी अजूनही आवडीने वाचते, हे कबूल करताना जरा ओशाळायला होतं. वयाला शोभणारा छंद नव्हे हा. पण स्टारडॉकचं काहीतरी नवीन येतंय असं दिसलं की हातातलं काम बाजूला पडतंच. पूर्वी अशा बातमीत नव्या नवलाईचं काही असायचं. आता बहुतेक वेळा जुनंच काहीतरी परत मिळणार असल्याची खबर असते, आणि ती मी पूर्वीपेक्षा जास्त अधीर होऊन वाचते.

स्टारडॉक ही अमेरिकेतल्या मिशिगनची कंपनी, ब्रॅड वॉर्डेल यांनी १९९१ मध्ये काढलेली. सुरुवातीची भिस्त आयबीएमच्या ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिमवर. १९९५ मध्ये त्यांनी त्याच्यासाठी ऑब्जेक्ट डेस्कटॉप नावाचा सॉफ्टवेअरचा संच आणला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज ९५ अवतरलं. पुढे ओएस/२ चं दुकान उठत गेलं. ज्या घराच्या रंगकामाचा विडा उचलला, त्या घरातली माणसंच बिऱ्हाड हलवायला लागल्यावर रंगाऱ्याने काय करायचं? बादली उचलायची आणि शेजारच्या घरी जायचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विंडोजच्या खिडक्यांचं रूप पालटणारं विंडोब्लाइंड्स आलं. नाव मोठं चपखल होतं. खिडकी त्यांची, पडदे आमचे.

विंडोज ९५ चा तो राखाडी रंग डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या पडद्यांचं आम्हाला एवढं अप्रूप का होतं ते कळेल. एका क्लिकसरशी खिडक्या तांब्याच्या व्हायच्या, काचेच्या व्हायच्या, अवकाशयानाच्या दारासारख्या दिसायला लागायच्या. बंद करायचं बटण कुठे गेलं ते शोधण्यात मिनिटभर जायचं, पण त्याची फिकीर कुणाला होती!

त्या भरात मी स्वतः एक स्किन, म्हणजे खिडक्यांना चढवायचा पेहराव, करायला घेतली होती. लाकडाची. त्यातली मेख अशी की खिडकी कधी लहान होते, कधी पडदाभर पसरते, त्यामुळे तिच्या माथ्यावरच्या पट्टीचं एक अखंड चित्र काढून भागत नाही. कोपऱ्यांचे तुकडे आहेत तसेच राहतात आणि मधला तुकडा लागेल तेवढा ताणला जातो. मी हौसेने मधल्या तुकड्यात लाकडाची एक सुरेख गाठ रंगवली. खिडकी मोठी केली, तर ती गाठ ताणून सापासारखी लांबलचक झाली. मग ताणण्याऐवजी तोच तुकडा पुन्हा पुन्हा शेजारी मांडायचा पर्याय निवडला. आता कॅलक्युलेटरच्या डोक्यावर एक गाठ, आणि पत्र लिहायला मोठी खिडकी उघडावी तर ओळीने गाठीच गाठी, कोटाला गुंड्या लावल्यासारख्या. शेवटी गाठ पुसून टाकली. राहिली ती नुसती तपकिरी पट्टी. ती स्किन मी दोन वर्षं वापरली, कारण आपण केलेल्या गोष्टीला नावं ठेवायची तर दुसऱ्या कुणी ठेवावीत.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं ते स्वतःच निळं-हिरवं नटून. तेव्हा वाटलं, आता संपला या कंपनीचा धंदा. घरमालकानेच रंग दिल्यावर रंगाऱ्याला कोण बोलावतं? पण मालकाची मर्जी काय सांगावी! २००९ च्या विंडोज ७ ची स्टार्टर नावाची सर्वांत साधी आवृत्ती होती, तिच्यात वॉलपेपरसुद्धा बदलता यायचा नाही. भिंत तुमची, खिळा ठोकायचा नाही.

खरी गंमत झाली २०१२ मध्ये. विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढून टाकलं. सतरा वर्षं खालच्या डाव्या कोपऱ्यात बसलेलं बटण! स्टारडॉकने लगोलग स्टार्ट८ आणलं. त्याचं मुख्य काम एकच, बटण आणि मेन्यू होते तिथे परत बसवणं. वर्षभराने मायक्रोसॉफ्टनेही बटण परत दिलं, पण मेन्यू नाही. दाराची कडी बसवली, खोली तेवढी बांधायची राहिली. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत मेन्यू आला, तोवर इकडे स्टार्ट१० तयार. २०२१ मध्ये विंडोज ११ ने बटण उचलून मधोमध नेलं, त्याच वर्षी स्टार्ट११ हजर. मधला नऊ कुठे गेला असं विचारू नका, तो मूळ मालकानेच गाळला होता.

म्हणजे बघा, ज्या कंपनीने एके काळी आम्हाला 'विंडोजसारखं दिसणार नाही असं काहीही' विकलं, तीच आता 'विंडोज पूर्वी होतं तसं' विकते. आणि गिऱ्हाईकं तीच. आम्हीच!

याला कुणी म्हातारपण म्हणेल. मी म्हणणार नाही, निदान बटणाच्या बाबतीत तरी नाही. कोपऱ्यातल्या बटणावर नेम धरावा लागत नाही. माउस कसाही भिरकावा, बाण कोपऱ्यात जाऊन अडकतोच. मधोमध ठेवलेल्या बटणाला तो आधार नाही, वर ते एका जागी ठरतही नाही. जसजसे नवे प्रोग्रॅम उघडाल, तसतसं ते डावीकडे सरकतं. आता सेटिंगमध्ये जाऊन ते डावीकडे नेता येतं, हे खरं. पण टास्कबार, म्हणजे ती तळाची अख्खी पट्टीच उचलून पडद्याच्या वरच्या कडेला न्यायचा असेल, तर विंडोज ११ ने ते दार बंद केलं, आणि ते किलकिलं करून द्यायला पुन्हा स्टार्ट११ लागलं. विंडोज ११ मधलं बटण आठवडाभर मी मधोमधच ठेवून पाहिलं. डोळे सरावले. हात मात्र रोज सकाळी कोपऱ्यात जाऊन रिकामा परत यायचा.

याच कंपनीचं फेन्सेस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, २००९ पासूनचं. डेस्कटॉपवर विखुरलेल्या आयकॉनांना ते चौकटी घालून देतं. माझ्याकडे 'काम' नावाची एक चौकट आहे आणि 'नंतर बघू' नावाची दुसरी. कुठली फुगत चालली आहे ते सांगायला नको. त्यातली मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे रिकाम्या जागी दोनदा क्लिक केलं की सगळा पसारा एका क्षणात गुप्त होतो. पाहुणे जिन्यात असताना सगळं कपाटात कोंबून दार लावून घ्यावं, तसं. पुन्हा दोनदा क्लिक केलं की पसारा हजर.

बाबांच्या कॉम्प्युटरवर मी ते टाकून दिलं, तीन नीटस चौकटी करून दिल्या, आणि ही सोय सांगायची विसरले. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"अगं, सगळं पुसलं गेलं."

"काही पुसलेलं नाही बाबा. रिकाम्या जागी दोनदा क्लिक करा."

"कुठे?"

"कुठेही. जिथे रिकामं दिसेल तिथे."

"सगळंच रिकामं आहे."

"मग कुठेही करा!"

फोनमधून माउसची टकटक ऐकू आली. मग बराच वेळ काहीच नाही.

"आलं का?"

"आलं," बाबा म्हणाले. "जिथल्या तिथे आहे." मला वाटलं, आता फोन ठेवतील. तेवढ्यात पुन्हा टकटक.

"गेलं," ते म्हणाले. टकटक. "आलं."