एकशिंग्या

खांदशेकणी (पोळ्याचा आदला दिवस, बैलांचे खांदे चोळायचा), रात्री

तीन दिवस झाले, पेटीतली खेळणी धुऊन राहिली आहे. एकूण ७३ नग. त्यात १९ लाकडी नंदी, बाकी महालक्ष्म्यांपुढं मांडायची प्लास्टिकची जनावरं, बाहुल्या, मातीचे वाणी अन् भाजीवाल्या. दोन वर्षं पेटी उघडलीच नव्हती. तेवढ्यात कवेलू सरकून पाणी शिरलं, त्यावर सैपाकघरातला धूर, उंदरांची घाण. काढली तेव्हा वाघ कोणता अन् गाय कोणती, हाताला कळे, डोळ्यांना नाही.

प्लास्टिकची जनावरं बोटांना चिकटत होती. जुन्या मऊ प्लास्टिकचं असंच होतं. त्याला मऊ ठेवणारा तेलासारखा पदार्थ वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतो अन् धूळ त्याच्यावर जाऊन बसते. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना दातांचा ब्रश. पाणी कढत झालं तर हत्तीचे पाय वाकतात. थिनर तर नकोच, डाग निघतो पण त्याच्यासंगं डोळेही पुसले जातात. मातीच्यांना पाणी लावायचंच नाही, कोरडा ब्रश. हे मला ठाऊक होतं, तरी परवा एका भाजीवालीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं अन् अर्धा गाल फडक्यावर आला. सरसात कालवलेला रंग तो, पाण्याला कसा टिकणार. फार वाईट वाटलं. तिला आता उजवीकडून भिंतीला लावून बसवावं लागेल.

नंदी सगळ्यात शेवटी घेतले. लाकूड भिजवलं की फुगतं अन् वाळताना तडकतं, म्हणून पिळलेल्या फडक्यानं एकेक पुसत बसले. चाकांच्या गंजलेल्या खिळ्यांना मशीनचं तेल सोडलं. बाहेर झड लागलेली, ऊन नाही. वाळवायला बाजेवर मांडून पंखा लावला.

त्यात एक काळपट नंदी निघाला, एकच शिंग असलेला. मी तो बाजूला ठेवला तर माय म्हणाली, "तुह्याच व हा. जेवाले बसली तरी मांडीवर राहे. तुले नाही आठवत?"

नाही आठवत.

काल रात्री दादाला फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन. "अवं, तो तं तुह्या एकशिंग्या!" मग तो थांबेचना. तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी नंदी फिरवतात त्या दिवशी, मारुतीच्या पारापाशी नंदी उलटला, शिंग तुटलं, मी बोजाऱ्याचे, म्हणजे नंदी घरोघरी नेऊन मिळालेले, सगळे पैसे नालीत फेकून दिले. बाबांनी बाभळीच्या डिंकानं शिंग चिकटवलं ते सकाळपर्यंतही टिकलं नाही. मी रागानं नंदीला घेऊन कोठ्यात जाऊन निजले, खऱ्या बैलांजवळ. "अन् चाकं हिरवी होती त्याची," म्हणाला.

फोन ठेवून मी चाक घासलं. हिरवं निघालं.

तेव्हापासून मन लागत नाही. लहानशी गोष्ट आहे, पण रात्रभर तेच. आठवत कसं नाही? पार रोज दिसतो, कोठा रोज झाडते. या घरात मी राहिले, ही पेटी मी सांभाळली, ही दोन वर्षं सोडली तर दरसाल ही खेळणी मी काढली अन् मी ठेवली. जो जून महिन्यात होस्टेलात गेला तो परत राहायला आलाच नाही, अन् माझं लहानपण सगळं त्याच्यापाशी. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली तान्हा पोळा सुरू केला असं सांगतात, ते दोनशे वर्षांपूर्वीचं लोक धरून आहेत. मला माझा एक नंदी धरून ठेवता आला नाही. पहाटे उठून पाणी पिताना रडूच आलं. मी इथं राहून नेमकं काय राखलं? आणि ज्याच्यासाठी राखलं... जाऊ दे.

आज दुपारी उरलेली जनावरं पुसताना मात्र हात आपसूक चालत होते. हा हत्ती पुढं कलंडतो, त्याच्या पायाखाली गहू टाकावे लागतात. या बाहुलीचं डोकं सैल आहे, तिला मागच्या रांगेत. या दोन नंद्यांची चाकं अदलाबदल झाली आहेत, म्हणून दोघेही डावीकडे ओढतात. हे मला कोणी सांगितलेलं नाही. दादाचं गाव तो गेला त्या जूनला थांबलं, म्हणून त्याला सगळं जागच्या जागी सापडतं. माझ्या त्या तान्ह्या पोळ्यावर पुढचे किती पोळे येऊन बसले. बोटांना ठाऊक आहे तेवढं माझं. ते कमी आहे असं दुपारी तरी वाटलं नाही.

संध्याकाळी मायनं सवयीनं हळद अन् लोणी कालवलं. मग वाटी घेऊन दारातच थांबली. कोठ्यात आता कोणी नाही, जोडी गेल्याला हा दुसरा पोळा. मी काही बोलले नाही. बाजेवरून एकशिंग्याला आणलं अन् तिच्यापुढं पाटावर ठेवलं. तिनं त्याच्या खांद्याला बोटानं हळद-लोणी चोळलं, खऱ्या बैलाला चोळावं तितकंच जोरात, अन् म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

लोणी मानेच्या चिरेत उतरलं. एवढा घासून काढलेला नंदी, पुन्हा पिवळा.

याचा फोटो दादाला पाठवला नाही.