चिंतामणराव देशमुख: राजीनाम्यानंतरची वर्षं

चिंतामणराव म्हटलं की आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारा कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्याचा खासदार, एवढंच निघतं. महाडजवळच्या नाते गावचा माणूस, तेव्हा साहजिक आहे. पण त्यानंतर १९६१पर्यंत ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. माझ्या मते त्यांच्यातला प्रशासक तिथेच नीट दिसतो.

मंत्री असतानाची पद्धत वेगळी. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण बघा. आधी विधेयक मांडलं असतं तर चर्चा संपेपर्यंत कंपन्यांना पैसा हलवायला वेळ मिळाला असता. म्हणून १९ जानेवारी १९५६ला वटहुकमाने फक्त व्यवस्थापन ताब्यात घेतलं. मालकीचा कायदा मागाहून. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या (छोटे विमे उतरवणाऱ्या संस्था), म्हणजे २४५ दप्तरं एका झटक्यात! आयुर्विमा महामंडळ (एलआयसी) १ सप्टेंबरला उभं राहिलं, तोवर चिंतामणराव मंत्रिपदावर नव्हते.

अनुदान आयोगात असा झटका चालण्यासारखा नव्हता. तिथे बऱ्याच योजनांत अनुदानाला जोड लागायची: काही वाटा आयोगाचा, उरलेला राज्याने किंवा संस्थेने घालायचा. ज्या कॉलेजला गरज सर्वांत जास्त, त्याच्याकडेच जोड नसायची, आणि मंजूर रक्कम कागदावर राहायची. प्रयोगशाळेचं घ्या. इमारत आणि उपकरणं एकदाच्या खर्चात बसतात. रसायनं, गॅस, लॅब असिस्टंटचा पगार दरवर्षीचा. घोडं अडायचं ते तिथे. नव्या लेक्चररच्या पदाचंही तसंच. आयोगाचा वाटा योजनेच्या मुदतीपुरता, पुढचा पगार राज्याच्या माथी. राज्याची लेखी हमी आधी घेतली नसेल तर पद लटकलंच. पदवी दोनऐवजी तीन वर्षांची करायच्या योजनेचं लोढणं याच काळात आयोगाच्या गळ्यात होतं. उत्तर प्रदेशाने ती तेव्हा स्वीकारलीच नाही.

दिल्लीत त्यांच्या कारकिर्दीत, १९६२ साली, पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाला. छापील पाठ टपालाने जायचे, विद्यार्थ्याने उत्तरं लिहून परत पाठवायची. दिवसा नोकरी करणाऱ्याला घरबसल्या बी.ए. करता येऊ लागलं. विज्ञानाला मात्र हा मार्ग नव्हता. प्रयोगशाळा पाकिटात मावत नाही. केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवलेल्या कुलगुरूंना ते वेगळं सांगावं लागलं नसेल.