शेवटच्या चार बोटांचं यंत्र

“तुळजापूरला देवळात शिरताना पोलीस अंगावरून फिरवतेत, तेच नव्हं का हे?”

दिवाळीत गावी गेलो तेव्हा बॅग रिकामी करताना माझं केशरी दांडकं दादाच्या हाती लागलं. ते म्हणजे पिनपॉइंटर, खड्ड्यातला धातू नेमका कुठं आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र. गाजराएवढं, गाजराच्याच रंगाचं. इंग्लंडातले डिटेक्टरवाले त्याला लाडानं गाजरच म्हणतात. मी म्हटलं, दादा, जात तीच, पण पोलिसांचं यंत्र ‘माणसाकडं काहीतरी आहे’ एवढंच सांगतं; हे ‘इथं, ह्या बोटाखाली आहे’ म्हणून सांगतं. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, “म्हंजे तू तिथं अजून लोकाची रानं उकरायलासच?”

उकरायलोय. तीन वर्षं झाली.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मी नॉटिंगहॅमजवळ राहतो, आठवडाभर गोदामांच्या सॉफ्टवेअरशी झटतो आणि रविवारी एका शेतकऱ्याच्या परवानगीनं त्याच्या रानात मेटल डिटेक्टर घेऊन हिंडतो. ऑगस्टात गहू-बार्ली निघाली की पुढची पेरणी होईस्तोवर तिकडची रानं मोकळी पडतात, आपल्याकडच्या उलंगवाडीसारखी. तीच आमची सुगी. गावातल्या निम्म्या लोकांच्या लेखी मी परदेशात गुप्तधन काढतो. एकानं तर पारावर सगळ्यांसमोर विचारलं, “तू पायाळू हायेस का रे?” मी घरी येऊन आईला विचारून खात्री केली. नाही, डोक्याकडूनच जन्मलोय.

तीन वर्षांचा हिशेब सांगतो, म्हणजे शंका फिटेल. शिशाच्या जुन्या गोळ्या, कोटाची बटणं, नालांचे तुकडे, बंदुकीच्या काडतुसांच्या पितळी टोप्या पोतंभर, झिजलेली तांब्याची नाणी पन्नासेक आणि चांदीची सात. सोन्याचं शून्य.

मागच्या महिन्यात लेस्टरला राहणाऱ्या एका लातूरकर मित्राला हा नाद लागला. त्यानं विचारलं, डिटेक्टरलाच तीनशे पौंड गेले, आता त्या गाजराला वर सव्वाशे कशाला? आपल्या पैशात दहा हजारांच्या पुढं जातात. दांडक्याला! त्याला फोनवर सांगितलं ते नीट जुळलं नाही, म्हणून इथं लिहितो.

मीही आधी असाच हिशेबी होतो. पहिले दहा महिने धडक्या पिनपॉइंटरशिवाय काढले. तिकडची चिकणमाती ओली झाली की आपल्या काळ्या रानासारखीच पायाला धरते. त्यात कित्येक नाणी कागदासारखी पातळ आणि मातीच्याच रंगाची. डिटेक्टर वाजला, फावड्यानं ढेप काढली, पुन्हा डिटेक्टर फिरवला तर आवाज खड्ड्यात नाही, काढलेल्या मातीत. माती पसरली तर आवाज पुन्हा खड्ड्याकडं. एका नाण्यामागं वीस मिनिटं जायची, गुडघे ओले व्हायचे, आणि शेवटी हातात काय, तर बिअरच्या बाटलीचं झाकण.

तरी वेळ गेल्याचं दुःख नव्हतं, रविवारच होता. दुःख झालं ते नोव्हेंबरात. नदीकाठच्या गवताळ तुकड्यात फार गोड, स्वच्छ आवाज आला. ढेप काढली, आवाज अजून खालीच. मी फावडं पुन्हा घातलं, जरा जोर लावून. वर आली ती चांदीची पेनी, मधोमध कापलेली. तिसऱ्या हेन्रीच्या राजवटीत १२४७ साली ही नाणी सुरू झाली. मागच्या बाजूला लांब हातांचा क्रूस, हात पार कडेपर्यंत भिडलेले. लोकांनी कडेची चांदी कातरून चोरू नये म्हणून ही युक्ती. गंमत अशी की सुट्टे पैसे हवे असले की लोक त्याच क्रुसाच्या रेषेवर नाणं कापून अर्धी पेनी करायचे. त्यामुळं अर्धं नाणं सापडणं नवलाचं नाही. पण जुना काप काळवंडलेला असतो. माझा काप स्टीलच्या ताटासारखा चकचकत होता. पावणेआठशे वर्षं ते नाणं मातीत धड राहिलं आणि मी सव्वाशे पौंड वाचवले.

त्याच रात्री गाजर मागवलं.

आता ते करतं काय. टोकात तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत बदलती वीज खेळते, शेजारच्या धातूत उलटे प्रवाह घुमतात आणि यंत्राला ते कळतं. धातू जवळ आला की ते थरथरतं आणि टिकटिकतं. जितकं जवळ, तितकं घाईनं, आणि पार भिडलं की सलग ओरडतं. डिटेक्टरचं तत्त्वही ह्याच घरातलं, पण त्याची कॉईल, म्हणजे तेच वेटोळं, जेवणाच्या ताटाएवढी. एकदा उभं आणि एकदा आडवं फिरवून मध्य काढला तरी तळहाताएवढी चूक राहतेच, आणि नाणं उभं रुतलेलं असेल तर आणखी जास्त. आमचं गाव तेरपासून लांब नाही, म्हणून मला ह्यात गोरोबाकाका आठवतात. थापटण्यानं संतांची डोकी वाजवून कच्चं मडकं कोणतं ते त्यांनी सांगितलं. डिटेक्टरचंही तेच, वाजवून ओळखणं. फक्त काकांना डोकं कुठं आहे ते दिसत होतं.

पिनपॉइंटरला लांबचं कळत नाही, आणि नवा माणूस नेमका इथंच फसतो. जाहिरातीत काहीही लिहू देत, रुपयाएवढ्या नाण्याला माझं यंत्र दोन-तीन बोटांवरून ओळखतं, मोठ्या लोखंडाला चार-पाच. मित्र विचारत होता, नुसतं गाजर घेऊन रानात फिरलं तर? अख्खं रान टाचणीनं टोचण्यासारखं होईल ते. हे यंत्र शोधत नाही. शोध संपला की उरलेली शेवटची चार बोटं तेवढी त्याची.

पण ती चार बोटं फार महत्त्वाची. आधी ढेपेत टोक फिरवायचं, मग खड्ड्याच्या तळाशी, मग भिंतींना. कुठं थरथरलं तेवढीच माती बोटांनी मोकळी करायची, तिथं फावडं घालायचं नाही. खड्डा तव्याएवढा पुरतो, पूर्वी माझा परातीएवढा व्हायचा. गवताची ढेप तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटवायची, वस्तू काढायची, झाकण लावून पायानं दाबायचं. आठवड्यानं खूणसुद्धा दिसत नाही. ज्याच्या रानात आपण फुकट फिरतो त्याच्या लेखी नाण्यापेक्षा हे मोठं, कारण खड्ड्यात मेंढीचा पाय मुरगळला तर पुढच्या रविवारी फाटक बंद.

दोष भरपूर आहेत. लोखंड, चांदी, चॉकलेटची चांदी, सगळ्याला बहुतेक पॉइंटर सारखेच ओरडतात. खड्ड्यात खिळा निघाला म्हणून उठू नका, पुन्हा टोक घाला. माझी दोन चांदीची नाणी खिळ्याच्या शेजारीच होती. चालू पॉइंटर डिटेक्टरच्या कॉईलजवळ नेला की दोघांची भांडणं लागतात, डिटेक्टर उगीच किंचाळतो. तो हातभर लांब ठेवा. लोहाचा अंश जास्त असलेल्या मातीत पॉइंटर स्वतःशीच पुटपुटायला लागतो. मग त्याची तीव्रता एक पायरी उतरवायची, किंवा टोक मातीला टेकवून बटण दाबायचं, की तो त्या मातीला ‘घरची’ समजतो. दादानं अंगणातल्या काळ्या दगडाला टोक लावलं तेव्हाही ते कुरकुरलं, आणि दगडातही धन आहे अशी बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचली.

कोणता घ्यावा? माझा गॅरेटचा प्रो-पॉइंटर एटी आहे. वीस फूट पाण्यात चालतो, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते (आपल्याकडं इलेक्ट्रिशियनच्या मीटरमध्ये असते ती), टोकाला बारीक दिवा आहे, आणि चालू राहून पडून राहिला तर थोड्या वेळानं स्वतःच टाहो फोडतो. हा टाहो मी आतापर्यंत चार वेळा ऐकलाय. मिनेलॅब, एक्सपी, नोक्ता यांचेही चांगले आहेत. त्याआधी वीस पौंडांचा एक बिननावाचा घेतला होता, खरं सांगायचं तर. पहिल्याच पावसात पाणी पिऊन मेला. नामांकित पॉइंटरांच्या हुबेहूब नकलाही विकल्या जातात, म्हणून फार स्वस्त दिसला की हात आवरायचा.

समुद्रकिनाऱ्यावर फिरणार असाल तर मात्र घाई नको. वाळू चाळणीच्या डावानं उचलायची, हलवायची, उरेल ते आपलं. नांगरलेल्या भुसभुशीत रानातही मूठमूठ माती कॉईलवरून फिरवून भागतं, फक्त हातातली अंगठी काढून ठेवा. मी पहिला आठवडा स्वतःच्या लग्नाची अंगठी शोधत होतो.

दादाचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. “मंग डिटेक्टर बी आण की एकदा. तेरच्या पांढरीत फिरवू.”

नाही. तेर म्हणजे जुनं तगर. पेरिप्लस ह्या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या जोडीनं ज्याचं नाव येतं ते. पाऊस पडून गेला की तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीतून मणी, नाणी उघडी पडत आली आहेत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी असं गावातलं सगळं जमवलं, म्हणून आज तेरला संग्रहालय आहे. अशा जागी वस्तूपेक्षा ती कोणत्या थरात होती हे जास्त बोलतं, आणि उकरलं की तो थर मुका होतो. कायदाही आहे. १८७८ सालचा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये ऐकून दादा खूप हसला.

इंग्लंडातही मोकळं रान नाहीच. मालकाची परवानगी हवी, संरक्षित स्मारकाच्या जागेत डिटेक्टर न्यायचा नाही. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली, तर १९९६ च्या कायद्यानं ते ‘ट्रेझर’. चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचं. म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो तो अधिकारी! खजिन्याचा पंचनामा त्याच्याकडं का, तर जुनी वहिवाट. माझी कापलेली पेनी एकटीच होती, त्यामुळं तिला कायद्यानं कोणी विचारणार नव्हतं. तरी मी ती नोंदवली. नोंदवून घेणाऱ्या बाईंनी कापाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, काही बोलल्या नाहीत.

ह्या बाबतीत आमच्यात आदरानं सांगितली जाते ती होक्सनची हकिकत. १९९२ साली सफोकमध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. त्यानं डिटेक्टरवाल्या मित्राला, एरिक लॉज यांना, शोधायला बोलावलं. हातोड्याऐवजी रोमन नाणी निघायला लागली. लॉज यांनी पुढं खणणं थांबवलं आणि कळवलं. पुरातत्त्ववाल्यांनी जागेवरच नीट उकरलं, सुमारे पंधरा हजार नाणी आणि सोन्याचे दागिने निघाले. तो हातोडाही नंतर सापडला, आणि तोसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हणून मित्रा, पॉइंटर एकाच खड्ड्यात पुन्हा पुन्हा ओरडत राहिला तर तिथंच थांब आणि फोन कर.

एवढं सगळं तत्त्वज्ञान सांगून झाल्यावर दोनच दिवसांत माझी परीक्षा झाली. सोयाबीनची मळणी चालली होती. वहिनींच्या कानातलं फूल पडलं. सोन्याचं, लग्नातलं. कधी पडलं माहीत नाही, कुठं पडलं माहीत नाही, आणि शेजारी गुळीचा, म्हणजे भुशाचा, घरभर उंच ढीग. सगळे माझ्याकडं बघायला लागले. दादा म्हणाला, “आण तुझं गाजर.”

मी ढिगात टोक खुपसत अर्धा तास काढला. मळणीयंत्राचा एक नट सापडला. एवढंसं सोनं तर ह्याला बोटभरावरूनही धड कळत नाही, हे मला माहीत होतं, पण सगळे बघत असताना सांगणार कसं?

मग आईनं सूत्रं घेतली. वहिनींना बसवून विचारलं, डोक्याचा रुमाल कुठं सोडलास? पाणी कुठं प्यालीस? पोतं कोणतं धरलं होतंस? रुमाल ढिगाच्या कडेला, बाभळीखाली सोडला होता. आईनं तिथली गुळी टोपल्यात भरून आणायला लावली आणि ताडपत्रीवर बसून सूप हातात घेतलं. सराफ गल्लीतली माती धुणाऱ्या झारेकऱ्यांच्या हाताला असतो तसा तिच्या हाताला ठेका आहे. हलकं उडून जात होतं, जड मागं राहत होतं. दिवस मावळेपर्यंत दहा-बारा टोपल्यांचं तिनं अर्ध्या टोपल्यावर आणलं. नुसतं मातेरं, खडे, काड्या, दाणे. आणि लाइट गेली.

तेव्हा ती म्हणाली, “आता घाल तुझं ते.”

मातेरं ताटात पातळ पसरलं आणि टोकाचा दिवा लावून फिरवलं. आधी तारेचा तुकडा. मग एक बारका खिळा. मग अगदी कुठंतरी लांबून आल्यासारखी बारीक टिक. दोन खड्यांच्या मधे फूल, फिरकी गायब.

वहिनींनी फिरकीचंही विचारलं. मी बॅटरी संपल्याचं सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारचे सुतारकाका आले. आरागिरणीत नेलेल्या कडुलिंबाच्या खोडात कुणीतरी कधीकाळी ठोकलेला खिळा निघून नवं पातं गेलं होतं. त्यांनी खोडावरून गाजर फिरवून बघितलं, सालीखालचे दोन खिळे जागच्या जागी सापडले. मग माझ्याकडं न बघता दादालाच म्हणाले, “हे हितंच राहू दे म्हणावं त्याला.”

राहिलं. मी इंग्लंडात परतल्यावर दुसरं मागवलं, तेवढ्याच पैशात. परवा दादाला फोनवर विचारलं, तुमचं नीट चाललंय ना? तर म्हणाला, ते अजून सुतारकाकाकडंच हाय, आणि चौकोनी बॅटरी ढोकीला मिळंना, येताना चार घेऊन ये.