लक्षणं स्टिम्युलंटची, कारण मात्र डिप्रेसंटचं

रात्रपाळीला कॅज्युअल्टीत पंचविशीतला एक मुलगा आला, दोन मित्रांनी धरलेलं तरी एका जागी थांबेना. अंग घामाने चिंब, हात थरथरतायत, नाडी १४०, बीपी १८०/११०, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, आणि भिंतीवर किडे चढतायत म्हणून सारखं बोट दाखवतोय. इंटर्न लगेच म्हणाली, मॅडम, स्टिम्युलंट (मेंदूला उत्तेजना देणारा पदार्थ) आहे, अँफेटामाइन नाहीतर कोकेन. तिचं चूक नव्हतं, नॉरअॅड्रेनालिन, म्हणजे शरीराला उत्तेजित करणारं रसायन, वाढलं की हेच चित्र दिसतं. डिप्रेसंट म्हणजे याच्या उलट, मेंदूला मंद करणारा पदार्थ, त्यात गुंगी, जड जीभ, मंद श्वास, आणि ओपिऑइड (अफूच्या जातीचं) असेल तर टाचणीच्या डोक्याएवढ्या बाहुल्या.

पण मित्र शपथ घेऊन सांगत होते की याने काहीच घेतलेलं नाही, आणि मला ते खोटं वाटेना. तेवढ्यात त्याची बहीण पोचली. मी तिला विचारलं, "ताई, एवढ्यात त्याने काही बंद केलंय का? दारू, गोळ्या, काहीही?"

"हो ना डॉक्टर, झोपेच्या गोळ्या सोडल्या त्याने परवा. आम्ही तर खूश होतो."

अल्प्राझोलाम, म्हणजे एक डिप्रेसंटच. कित्येक महिने रोज घेत होता, डोस मनानेच वाढवत नेलेला, आणि एका दिवसात सगळं बंद.

बहिणीशी बोलत होते तोवर त्याला फिट आली. त्याच जातीचं लोराझेपाम शिरेतून दिलं, फिट थांबली, मग हळूहळू नाडीही खाली आली. इंटर्नने मधे विचारलं होतं की बीपीसाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि बीपी उतरवणारं औषध, देऊया का. नको म्हटलं, कारण त्याने नाडी छान दिसेल आणि फिटचा धोका तसाच राहील.

नंतर तिला नीट समजावलं. अल्प्राझोलाम मेंदूतल्या गाबाचं, म्हणजे मेंदूला शांत ठेवणाऱ्या रसायनाचं, काम वाढवतं, म्हणजे ब्रेक सतत कुणीतरी दाबून धरल्यासारखं. महिनोन्महिने असं चाललं की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो, गाबाचे रिसेप्टर तेवढा प्रतिसाद देत नाहीत आणि ग्लुटामेटची, म्हणजे उत्तेजित करणाऱ्या रसायनाची, बाजू जोर धरते. अशात गोळी एकदम काढली की उरते ती नुसती उत्तेजना, जी बघायला हुबेहूब स्टिम्युलंटसारखी. दारूचंही असंच, शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते आणि डिलिरियम ट्रेमेन्स (भास आणि थरथरीसह येणारा तीव्र भ्रम) साधारण ४८ ते ७२ तासांनी. म्हणून "काय घेतलं" याच्या इतकंच "काय सोडलं" हे विचारायचं, आणि ते बरेचदा नातेवाईक स्वतःहून सांगतच नाहीत कारण सोडणं ही त्यांच्या दृष्टीने चांगली बातमी असते!

तिचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. मॅडम, अँफेटामाइनने एवढा खवळलेला पेशंट असता तरी आपण बेंझोडायझेपिनच (लोराझेपामच्या गटातलं औषध) दिलं असतं ना, मग फरक काय पडला? पहिल्या तासात खरंच फारसा नाही. फरक दुसऱ्या दिवशी पडतो. स्टिम्युलंट शरीरातून गेलं की पेशंट शांत होतो, मरगळून झोपतोसुद्धा. याला मात्र औषध उतरलं की परत तेच, परत फिट, जीवही जाऊ शकतो. म्हणून त्याला जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणलं, बहिणीला बसवून डोसचा तक्ता लिहून दिला, दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी, आणि त्रास झाला तर पुढची कपात लांबवायची पण गोळी मनाने बंद करायची नाही.