बसलेली फांदी तोडताना: दादाचा लॅपटॉप कोरा केला त्याची नोंद

शनिवार, संध्याकाळ

दादाचा लॅपटॉप अखेर माझ्या टेबलावर आला. २०१७ चा, फिरती १ टीबी डिस्क, ८ जीबी रॅम, सोबत आलेलं विंडोज १० होम. दादा लोकांचे हिशेब लिहितो. आता हे यंत्र वहिनीच्या भरतकामाच्या वर्गात जाणार, तिथे दहा जणींचे हात लागणार. भरतकामाच्या मशीनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. "सगळं पूस आणि नवा होता तसा करून दे," एवढंच दादाचं म्हणणं.

"नवा होता तसा" या तीन शब्दांत माझे तीन आठवडे गेले.

विंडोज ११ का नाही, हे कुणी विचारायच्या आत सांगतो. प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे, तो ११ च्या यादीत बसत नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे ठाऊक आहे. रोज नेटवर जाणारं यंत्र असतं तर मी त्यावर बिनदिक्कत लिनक्स मिंट टाकलं असतं. हे नेटवर जाणारच नाही, म्हणून १० चालेल.

खरा पेच वेगळाच निघाला. कंपनीने मूळ सिस्टीम परत आणायची सोय दिली आहे, पण ती याच डिस्कवरच्या एका लपवलेल्या १२ जीबी पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागात. म्हणजे जिच्यावरून सिस्टीम परत आणायची तीच डिस्क पुसायची. बसलेली फांदी तोडायचा प्रकार. तेव्हा पुसण्याआधी एकच प्रश्न: फक्त या डिस्कवरच आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही, असं काय काय आहे?

विंडोजची प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, त्यात येत नाही, हा मोठा दिलासा. विंडोज ८ पासून लॅपटॉपसोबत येणारी की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्येच बसवलेल्या प्रोग्राममध्ये), एमएसडीएम नावाच्या तक्त्यात असते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून तो तक्ता वाचला. शेवटची २९ अक्षरं म्हणजे की: २५ अक्षरं आणि मधल्या चार आडव्या रेघा. डिस्क समुद्रात फेकली तरी ती जात नाही. तरीही कागदावर उतरवून घेतली. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू नव्हतं, नाहीतर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधावी लागली असती.

शनिवार, उशिरा रात्री

स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने डिस्कची नाडी पाहिली. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या क्रमांकवार नोंदी ठेवते, त्यांना मी गुण म्हणतो. चालू राहिलेले तास ११ हजारांच्या वर. पाचवा गुण, म्हणजे बदलून दिलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), शून्य. १९७ वा, म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, ८.

आठ हा आकडा पाहून दचकू नका. या डिस्कचा आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटांचा असतो आणि बाहेर ती ५१२ चे आठ दाखवते. एक खरा सेक्टर दगावला की मोजणीत आठ दिसतात. म्हणजे दुखणं एकाच जागी आहे.

पण एका जागचं दुखणंही नुसत्या कॉपीला अडवतं. फाइल मॅनेजरने ६० टक्क्यांवर मान टाकली. डिस्कमधून टक्... टक्... असा आवाज आणि मग लांब शांतता. थांबवलं आणि डीडीरेस्क्यू हे आजारी डिस्कवरून वाचणारं साधन लावलं. २ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे बाइटला बाइट प्रत, सोबत कुठवर वाचलं याची मॅपफाइल. हे आधी सगळी सोपी जागा वाचून घेतं आणि अडलेल्या जागेकडे शेवटी वळतं. मॅपफाइल असली की मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. साडेतीन तासांत ४०९६ बाइट सोडून सगळं हाती आलं. त्या ४०९६ साठी पहाटेपर्यंत उलट्या दिशेने, पुन्हापुन्हा वाचून पाहिलं. नाही म्हणजे नाहीच.

मग ते कुठल्या फाइलचे हे तरी कळावं म्हणून एक जुनी युक्ती केली. प्रतिमेतल्या न वाचलेल्या जागी डीडीरेस्क्यूकडूनच एक विचित्र शब्द भरून घेतला आणि सगळ्या फाइलींत तो शब्द शोधला. सापडला एकाच फाइलीत: कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सेटअप. यासाठी मी रात्र जागलो.

रविवार

दादा कागदपत्रं तपासायला आला. त्याच्या फाइली प्रतिमेतून काढून दिल्या, त्याने पंधरावीस उघडून पाहिल्या, समाधान झालं. मग म्हणाला, "आता फॉरमॅट मार की. दोन मिनिटांचं काम."

"दादा, थांब. तुला गंमत दाखवतो."

त्याच्यासमोर डेटा पार्टिशन क्विक फॉरमॅट केलं. काही सेकंदांत विंडोज म्हणालं, रिकामं. मग त्यावर फोटोरेक चालवलं. हा प्रोग्राम फाइलींची अनुक्रमणिका बघतच नाही. डिस्कवरचे बाइट सरळ वाचत जातो आणि ओळखीची सुरुवात शोधतो. जेपेगची फाइल एफएफ, डी८, एफएफ अशीच सुरू होते. क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका नवी घालतं, पानं तशीच राहतात. (पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून खरोखर शून्यं लिहितं. त्याआधी तेही लिहीत नसे.)

दहा मिनिटांत काही हजार चित्रं जमा झाली. एक सहज उघडलं, तर कुणाच्या तरी पगाराच्या चिठ्ठीचा स्कॅन. नाव, खातं, सही, सगळं स्वच्छ.

दादा खुर्ची पुढे ओढून बघत राहिला. "हे मी दोन वर्षांपूर्वी डिलीट केलं होतं रे. रीसायकल बिनमधूनसुद्धा."

त्यानंतर दोन मिनिटांची भाषा बंद झाली.

सोमवार ते बुधवार: पुसणं

किती वेळा पुसायचं यावर डिस्क पुसणाऱ्या हौशी मंडळींत नेहमी जुंपते, म्हणून माझं मत मांडून ठेवतो. ३५ फेऱ्यांची पद्धत पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून आली. त्या फेऱ्या तेव्हाच्या वेगवेगळ्या जुन्या डिस्कांच्या लेखनपद्धती धरून आखलेल्या होत्या. आजच्या डिस्कवर पस्तिशी करण्यात अर्थ नाही, असं खुद्द गुटमन यांनीच पुढे लिहिलं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेच्या २०१४ च्या आवृत्तीतही, चुंबकीय डिस्कवर शून्यांची एक फेरी झाली की प्रयोगशाळेतली तंत्रं लावूनही डेटा परत मिळवणं साधारणतः अवघड होतं, असंच म्हटलं आहे. मी एक फेरी मारतो आणि वाचलेला वेळ पडताळणीला देतो. कितीदा पुसलं यापेक्षा खरंच पुसलं गेलं का, हे महत्त्वाचं.

हे फिरत्या डिस्कपुरतं. एसएसडीवर वरून शून्यं लिहून भागत नाही, कारण तिचा कंट्रोलर प्रत्येक वेळी नव्या जागी लिहितो आणि राखीव जागेपर्यंत आपला हात पोचत नाही. तिथे तिचा स्वतःचा सिक्युअर इरेझ किंवा सॅनिटाइझ हुकूमच द्यावा लागतो.

सोमवारी जवळजवळ घात झाला होता. लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं. शनिवारी लॅपटॉपची डिस्क एसडीए होती. सोमवारी बाहेरची डिस्क लावलेली असतानाच बूट केलं आणि नावं उलटली: एसडीए म्हणजे माझी बॅकअपची डिस्क! एनवाइप या डिस्क पुसणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत पहिल्या ओळीवर खूण करून झाली होती. आकडा १.८ टीबी दिसला म्हणून हात थांबला. दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या असत्या तर? आता नियम केला आहे: नावातल्या अक्षरावर जायचं नाही, सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक जुळवायचे, आणि पुसताना बाकी सगळं उपटून ठेवायचं. उपटलेली डिस्क पुसली जात नाही.

पुसायच्या आधी पहिले दोन सेक्टर हेक्समध्ये, म्हणजे कच्च्या बाइटांच्या रूपात, पाहून घेतले. पहिल्याच्या शेवटी ५५ एए ही जोडी, दुसऱ्याच्या सुरुवातीला ईएफआय पार्ट हे शब्द, म्हणजे जीपीटी हा पार्टिशनांचा तक्ता. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. म्हणून "सुरुवातीचे दोनचार एमबी उडवले, झालं" म्हणणाऱ्यांची फजिती होते. शेवटच्या प्रतीवरून पार्टिशनं पुन्हा उभी राहतात. एकूण सेक्टरही तपासले: १,९५३,५२५,१६८. लेबलवरच्या आकड्याशी जुळले, म्हणजे लपवून ठेवलेला भाग नाही.

मंगळवारी संध्याकाळी एनवाइप सुरू केलं. सुरुवातीला वेग सेकंदाला ११५ एमबी, शेवटी ५४. बिघाड नाही हा. तबकडी एकाच गतीने फिरते, बाहेरच्या वर्तुळात सेक्टर जास्त मावतात, आतल्यात कमी, आणि डिस्क बाहेरून आत भरत येते. सव्वातीन तास लागले.

बुधवारी पडताळणी. एनवाइपची स्वतःची आहेच, पण माझं समाधान होत नाही. सीएमपी या हुकुमाने डिस्क आणि शून्यांचा अखंड झरा बाइटला बाइट लावून बघितला. कुठे एक जरी बाइट वेगळा असेल तर तो तिथेच थांबून जागा सांगतो. जवळपास तेवढाच वेळ गेला आणि एकच ओळ आली: १०००२०४८८६०१६ बाइटनंतर डिस्क संपली. म्हणजे टोकापर्यंत शून्य. ही ओळ बघायला मला अजूनही आवडतं.

आणि तो आजारी सेक्टर? १९७ वा गुण ८ वरून ० झाला, पाचवाही शून्यच राहिला. वाचता येत नाही अशा जागेवर नव्याने लिहिलं की डिस्क तिची परीक्षा घेते. लिहिलेलं नीट टिकलं तर जागा कायम ठेवते, नाहीतर राखीव सेक्टर देते. आमचा पास झाला. लांबची स्वयंचाचणीही निर्दोष निघाली.

पुढचा आठवडा: फसलेला प्रयोग

हौस म्हणून रिकव्हरी पार्टिशन प्रतिमेतून काढून होतं त्याच जागी बसवलं, त्याचा प्रकारही रिकव्हरी असा लावला. चालू करताना कंपनीची ठरलेली कळ दाबली. काहीच नाही. तीन संध्याकाळी खटपट केली. पार्टिशन बाइटला बाइट तेच असूनही कळ आणि पार्टिशन यांच्यातला दुवा काही सापडला नाही. सोडून दिलं. खरं सांगायचं तर हळहळ वाटली नाही. त्यातून परत येणार होतं ते २०१७ चं विंडोज, सोबत कुणी न मागितलेले दीडएक डझन प्रोग्राम.

मग सरळ कोरं इन्स्टॉल. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची सगळी सामग्री असलेली एकच फाइल, घेतली. पेनड्राइव्ह एफएटी३२ या फॉरमॅटमध्ये ठेवला, कारण यूईएफआयला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरला, बूटसाठी तोच हमखास कळतो. तिथे कॉपी शेवटाकडे येऊन अडली. इन्स्टॉल.विम ही फाइल ४ जीबीच्या पुढची आणि एफएटी३२ ला त्याहून मोठी फाइल चालत नाही. विमलिब या साधनाने तिचे दोन तुकडे एसडब्ल्यूएम प्रकारात केले. इन्स्टॉलर ते आपले आपण जोडून घेतो, काही सांगावं लागत नाही.

इन्स्टॉलने की विचारलीच नाही. फर्मवेअरमधली वाचली आणि होम आवृत्ती स्वतःच निवडली. रिकव्हरीच्या प्रयोगातली पार्टिशनं काढून टाकली आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवून पुढे म्हटलं, तर चारही पार्टिशनं त्यानेच पाडली: १०० एमबीचं ईएफआय, १६ एमबीचं राखीव, मुख्य, आणि शेवटी छोटं रिकव्हरी.

वायफाय चालेना. ड्रायव्हर नाही, आणि या लॅपटॉपला लॅनचं भोक नाही. शनिवारच्या त्या प्रश्नाच्या उत्तरात ड्रायव्हर मी लिहिलेच नव्हते. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, ते लगेच चाललं.

तरी ॲक्टिव्हेशन होईना, अपडेट चालेना, ब्राउझर प्रत्येक पानाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला हरकत घेतोय. तासभर ड्रायव्हरला शिव्या घातल्या. मग उजव्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २०१७. मुख्य बॅटरी केव्हाच मेलेली, चार दिवस चार्जर काढून ठेवलेला, आणि आतला सीआर२०३२ सेलही संपलेला. घड्याळ मागे गेलं, त्यामुळे आजची सगळी प्रमाणपत्रं त्याच्या लेखी अजून जन्मलेलीच नव्हती. सेल बदलला, तारीख लावली. पाचव्या मिनिटाला विंडोज ॲक्टिव्हेट.

काल

दादाने आपल्या फाइली त्याच्या नव्या यंत्रावर पुन्हा एकदा उघडून पाहिल्या. मग लक्षात आलं की लॅपटॉप कोरा झाला, पण पगाराच्या त्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या २ टीबीच्या डिस्कवर जशाच्या तशा बसल्या आहेत: प्रतिमेत, आणि फोटोरेकने खणलेल्या ढिगाऱ्यातसुद्धा. आज तीच डिस्क एनवाइपला लावली आहे. सीरियलचे चार अंक जुळवले, बाकी सगळं उपटलं. वेग १३० आहे, अजून पाचेक तास.

वहिनीचं सॉफ्टवेअर चालतंय. १९७ वा गुण आज शून्य आहे. दर पंधरा दिवसांनी बघणार, आणि पुन्हा ८ दिसला तर एसएसडी बसवून टाकणार.