मधला दात

दुपारी पुस्तक वाचता वाचता पान उलटायचे राहून गेले आणि लक्षात आले की माझी जीभ पुन्हा त्याच जागी जाऊन बसली आहे. खालच्या जबड्यातली डावीकडची दाढ काढली, तेव्हापासून तिला हा चाळा लागला. आता तिथे ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने उभा राहणारा नकली दात, बसवून महिना उलटला, तरी तिची पाहणी संपलेली नाही.

ती दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. ती मुकाट्याने सर्वांच्या मागे उगवते, त्यामुळे घरचे तिला दुधाचीच समजतात. माझी दाढ किडली तेव्हा ‘ही पडेल आणि नवी येईल’ असे म्हणून सगळे निश्चिंत झाले होते.

आमच्या घरात दातांचे अधिकारी पुरुष म्हणजे आजोबा. त्यांची कवळी रात्री पाण्याच्या भांड्यात विसावत असे, आणि मग ते अंधारात गोष्ट सांगू लागले की त, थ, द, ध यांच्या जागी नुसता वारा येई. या अक्षरांना दंत्य का म्हणतात, हे मला व्याकरण शिकण्यापूर्वीच कळले होते. एकदा मी हळूच त्या भांड्याचे झाकण काढून पाहिले. दात एका जागी हसत होते आणि आजोबा दुसऱ्या जागी झोपले होते. त्या रात्री मी जिभेने माझे सगळे दात मोजले. तेव्हापासून झोपण्यापूर्वी ते मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मोकळी जागा तशीच ठेवली तर शेजारचे दात तिच्यात कलतात आणि वरच्या जबड्यातला समोरचा दात आधार नसल्यामुळे खाली उतरू लागतो, हे दंतवैद्यांनी सांगितले आणि ते मला पटले. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात उभा करता आला असता. पण दात गेला की तिथले हाडही झिजत जाते, आणि मी फार वर्षे टाळाटाळ केली होती. उरला ब्रिज. एका गेलेल्या दातासाठी शेजारचे दोन धडधाकट दात चहूबाजूंनी घासून लहान करायचे, त्यांवर टोप्या चढवायच्या आणि त्या टोप्यांना जोडलेला नकली दात मधोमध राहणार. घासलेले दंतवल्क, म्हणजे दातावरचे टणक कवच, पुन्हा येत नाही. सुमारे २,५०० वर्षांपूर्वी इटलीतले एट्रुस्कन लोक शेजारच्या दातांभोवती सोन्याची पट्टी वळवून तिच्यात नकली दात अडकवत असत. त्यांनी निदान शेजाऱ्यांना कानस तरी लावली नव्हती. नंतर नकली दाताचा रंग जुळवण्यासाठी १६ छटांची पट्टी माझ्या तोंडाशी धरण्यात आली आणि माझे दात पांढरे आहेत ही जुनी समजूत तिने दोन मिनिटांत निकालात काढली.

मधल्या दाताला मूळ नाही. तो हिरडीवर नुसता टेकलेला असतो, म्हणून त्याच्याखालून ताठ टोकाचा दोरा ओवून ती फट रोज साफ करावी लागते. जो दात मला नाहीच, त्याच्या दिमतीला मी रोज रात्री आरशासमोर वाकडे तोंड करून उभा असतो. खऱ्या दाताला यातला निम्मा वेळ दिला असता तर... पण जाऊ द्या. जीभ पुन्हा तिकडे गेली आहे आणि पान अजून उलटायचेच आहे.